मारुतीला वाहिलेला नग

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे शाळेत असतानाच मला नीट कळलं नव्हतं, आणि शाळा तर चौथीलाच संपली. पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता आणि आमच्याकडच्या मुली ओढा ओलांडत नव्हत्या. तेव्हा जिथं चुकलं असेल तिथं माफ करावं. कुणाला म्हणते आहे मलाच माहीत नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. पण माफी मागितल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. दुकानात गेले तरी आधी "माफ करा" म्हणते आणि मग साखर मागते.

बोलायची मला लहानपणापासून भीती वाटते. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

माझं माहेर मुखेडकडचं. लग्न होऊन लातूरला आले. माझे सासरे तरुणपणी साखर कारखान्यात टर्नर होते. नंतर त्यांनी एमआयडीसीत पत्र्याचं शेड घेतलं आणि दोन जुने लेथ टाकले. लातूरला डाळमिली पुष्कळ. त्यांचे शाफ्ट, रोलर, पुल्या, बुश, जे मोडेल ते आमच्याकडं यायचं. सासऱ्यांच्या हातून ते काम माझ्या नवऱ्याकडं आलं. नवऱ्याला मी मालक म्हणते, आमच्याकडं तीच रीत आहे. घरचं, लेकरांचं आवरलं की मीही शेडात जाऊन बसायची. माझं काम बर काढायचं. धातू कापला की कडेला एक धारदार कोर राहते, तिला बर म्हणतात. ती कानशीनं हळूच काढायची. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही. मला ते आवडायचं.

आमच्या शेडात सासऱ्यांनी एक रीत घालून दिली होती. नवीन कामाचा पहिला नग देवाला जायचा. मुरुडजवळ आमचं मूळ गाव आहे, तिथं वेशीबाहेर मारुती आहे. नवीन पुली असो की नवा बुश, पहिला नग सासरे शनिवारी घेऊन जायचे आणि मारुतीच्या पायाशी ठेवायचे. पहिला नग बहुतेक वेळा बिघडलेलाच असतो, कारण मशीन लावताना माप इकडंतिकडं होतं. त्यामुळं गिऱ्हाइकाचं काही जात नसे आणि देवाचं राहत नसे. गुरव त्यावर तेलात कालवलेला शेंदूर फासायचा. इतक्या वर्षांत तिथं मोठा ढीग झाला होता.

मग हैदराबादच्या कंपनीचं काम आलं. मालक हैदराबादला एका प्रदर्शनाला गेले होते. तिथं त्यांची एका माणसाशी ओळख झाली. ती कंपनी सैन्याच्या आणि अवकाशाच्या कामासाठी सुटे भाग करते आणि बारीकसारीक भाग बाहेरच्या शेडांकडून करून घेते. त्यांना अॅल्युमिनियमची एक कडी हवी होती. बांगडीएवढी, आतून बारीक खाच असलेली. पण ती आमच्या लेथवर होण्यासारखी नव्हती. त्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन पाहिजे. मशीनला बँक कर्ज द्यायला तयार होती, पण सुरुवातीची रक्कम आपल्या पदरची भरा म्हणाली. आमच्या पदरात काय होतं? सासरच्या सगळ्या नातेवाइकांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मालक मला म्हणाले, "तुझ्या भावाला विचारून बघ."

माझा मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झाला होता. त्याच्याकडं निवृत्तीचे पैसे आले होते. मी जन्मात कुणाला काही मागितलं नव्हतं. मुखेडला उतरल्यावर स्टँडवरच पाणी पीत बसून राहिले. घरी गेले तरी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. शेवटी भावानंच विचारलं, "बाई, काय झालं? कोण काय म्हणलं का तुला?"

मी जमिनीकडं बघत सांगितलं. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"विमानाला सामान करणार म्हणे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या डेपोत एसटीला नट मिळत न्हाई, सुतळीनं बांधतेत. आन लातूरच्या पत्र्याच्या शेडात विमान."

"विमान न्हाई, त्याची कडी," मी म्हणाले.

"कडी का असंना."

भावानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "दाजींना न्हाई देत मी. तुला द्यायलोय. तू परत करशील."

वहिनींनी निघताना माझी ओटी भरली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नणंदबाई, आमचं म्हातारपण तुमच्या पदरात बांधून दिलंय. एवढं ध्यानात असू द्या." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच मला भीती वाटली. बसमध्ये सारखी वाटत राहिली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती गेली नाही.

मशीन आली. कंपनीकडून एक मॅडम आल्या. वयानं माझ्याहून लहान, केस मागं घट्ट बांधलेले. त्या माल तपासायच्या. माहेर देगलूरचं, त्यामुळं मराठी बोलायच्या, मध्येच एखादा शब्द तेलुगू यायचा. त्यांनी आधी कागदांवर सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होते, पण त्यांनी सगळे मराठीत समजावून सांगितले. ड्रॉइंग कपाटात कुलपात ठेवायचं. शेडात फोटो काढायचा नाही. कंपनी धातूच्या सळया देणार, प्रत्येक सळईला आणि नगाला नंबर, आणि त्या सळईतून जितके नग निघतील तितके सगळे परत गेले पाहिजेत. चांगलेही आणि बिघडलेलेही. बिघडलेला नग लाल रंगाच्या डब्यात टाकायचा, आणि तो कंपनीत नेऊन त्या आपल्या डोळ्यांसमोर कापणार.

"बिघडलेला कशाला परत?" मालकांनी विचारलं.

"बिघडलेला चुकून चांगल्यात मिसळला तर? किंवा बाहेर कुणाच्या हातात पडला तर?" मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, बर तुम्ही काढणार ना? ही कडी एकदा वर गेली की तिला बघायला कुणी वर जात नाही. जे बघायचं ते इथंच बघायचं."

वर म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. त्या सांगणारही नव्हत्या. पण त्या दिवसापासून माझं काम पहिल्यासारखं राहिलं नाही. आधी डाळमिलचा बुश हातात असायचा, बिघडला तर फार तर डाळ सांडायची. आता कडी हातात घेतली की ती उजेडात धरून चारचारदा बघायची. टीव्हीवर सरहद्दीच्या बातम्या लागल्या, धूर दिसला, आकाशातून काही पडताना दिसलं की मी चॅनेल बदलायची. दारावर चादरी विकायला माणूस आला तरी मला वाटायचं, हा शेडाबद्दल विचारायला आलाय. मी दार लोटून आतून कडी घालायची. मालक हसायचे. "अगं, तो तुला चादर विकायलाय, तू त्याला काय विकायलीस?"

काम मात्र चांगलं होत होतं. मशीनवर एक ऑपरेटर ठेवला होता, पुण्यात नोकरी करून परत आलेला, शांत माणूस. पहिला मोठा लॉट तयार झाला. त्याचे पैसे आले की बँकेचा हप्ता निघणार होता आणि भावाचा पहिला भाग देता येणार होता. मॅडम सोमवारी येणार होत्या. त्याआधी मालकांनी आणि ऑपरेटरनं सगळे नग मोजले. एक कमी भरला.

पुन्हा मोजले. पुन्हा कमी. चांगले सगळे होते. लाल डब्यातला एक नव्हता.

आम्ही शेड उलटंपालटं केलं. मशीनखालचे छिलके पोत्यातून काढून जमिनीवर पसरले आणि हातानं चाळले. माझी बोटं कापली. मशीनच्या पाण्याची टाकी उपसली. काही नाही. मालक ऑपरेटरकडं बघत राहिले. त्या माणसानं ते ओळखलं. त्यानं आपली पिशवी आणली आणि टेबलावर उलटी केली. डबा, टॉवेल, चुन्याची डबी. मग खिसे बाहेर काढून दाखवले. "अजून कुठं बघायचं असंल तर बघा," म्हणाला. मालकांनी मान खाली घातली. मी तिथून बाहेर जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिले. मला दिसत होतं की आता पोलिसांची गाडी येणार. मालकांना नेतील. मशीन बँक नेईल. आणि मी मुखेडला जाऊन भावाच्या अंगणात उभी राहीन आणि मला एक शब्द बोलता येणार नाही.

सासरे काही दिवस गावी तूर बघायला गेले होते. ते रविवारी सकाळी परत आले, पिशवीभर शेंगा घेऊन. आमची तोंडं बघून म्हणाले, "कोण गेलं?"

मालकांनी सांगितलं.

"लाल डब्यातला का?" सासरे शेंग सोलत म्हणाले. "तो मीच नेला की. पहिला नग होता, खराब झाल्याला. डब्याची किल्ली खिळ्यालाच होती. मारुतीला ठिवला." आणि वर हसून म्हणाले, "उडायचं काम हाय, उडणाऱ्या देवालाच दिलं. लई चांगलं झालं."

मालकांनी शेंगांची पिशवी बाजूला सारली.

सासऱ्यांवर रागावूनही उपयोग नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सह्या झाल्या त्या दिवशी ते दवाखान्यात गेले होते, आणि रीत त्यांचीच होती. आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही की या कामालाही पहिला नग असतो आणि तो कुठं जात असतो.

माल न्यायचा छोटा टेम्पो होता. मालक चालवायला, मी मध्ये, सासरे खिडकीशी. "तू चल," मालक मला म्हणाले. "तुझ्या हाताला त्या नगाची सवय हाय. तिथं सगळे शेंदरानं एकसारखे झालेले असतील." सासऱ्यांना आता हळूहळू कळायला लागलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मारुतीच्या पायाशी खरंच सगळं एकसारखं होतं. शेंदरानं थर चढून पुल्या, बुश, नट, सगळे जणू दगडच झाले होते. मी बसले आणि एक एक उचलून बघू लागले. लोखंडाचे जड लागत होते. एवढ्यात गुरव आला.

"काय शोधायलाव?" त्यानं विचारलं.

"एक नग चुकून आला," मालक म्हणाले. "वापस न्यायचाय."

"देवाला दिल्यालं वापस? बरंय. उद्या घंटा पण नेताल."

"घंटा आमची न्हाई."

"हा नग तरी तुमचा हाय का? दिला तवाच देवाचा झाला." गुरव सासऱ्यांकडं वळला. "तुमीच सांगा. तुमच्या हातानं ठिवलाव."

सासरे भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, आता ते नको म्हणणार. देवाला दिलेलं परत घ्यायचं हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. लोकांसमोर तर नाहीच. तोवर तीनचार माणसं गोळा झाली होती. माझ्या हातात तेव्हा एक हलका नग आला. आत बोट फिरवलं, खाच लागली. तोच होता. पण तो घेऊन उठायची छाती होईना. सगळी माणसं बघत होती.

मी सासऱ्यांसमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी कसं बोलले मला माहीत नाही.

"मामा, माझ्या भावाच्या निवृत्तीचे पैसे हायत यात."

एवढंच.

सासरे पुढं आले. माझ्या हातातून नग घेतला, मारुतीच्या पायाला लावला, काहीतरी पुटपुटले आणि आपल्या धोतराच्या सोग्यात गुंडाळला. गुरवाला म्हणाले, "देवाचा आन माझा हिशोब हाय. तू मधी पडू नको." मग टपरीवरून नारळ आणायला लावला आणि फोडला. गुरवानं अर्धा नारळ घेतला आणि पुढं काही म्हणाला नाही.

मला वाटलं होतं, नग मिळाला म्हणजे झालं. पण खरी भीती तर शेडात परत आल्यावर सुरू झाली.

मालकांनी रॉकेल आणि ब्रश घेतला. वरचा शेंदूर गेला. आतल्या खाचेत मात्र एक नारिंगी रेघ राहिली, जात नव्हती. मालकांनी टाचणीनं कोरलं तर धातूवर ओरखडा आला.

"मॅडमला सांगून टाकू," मी म्हणाले.

"आन काय सांगायचं? तुमचा नग मारुतीला वाहिला म्हणून?" मालक म्हणाले. "काम जाईल. मशीन जाईल. मग तू सांगशील का तुझ्या दादाला? सांग, सांगशील का?"

भीती दोन्हीकडून होती. सांगितलं तरी आणि लपवलं तरी. मालकांनी नग पुसून लाल डब्यात टाकला.

सोमवारी मॅडम आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, मोजायला लागल्या. मी कोपऱ्यात बर काढायच्या टेबलाशी बसले होते. हातात कानस होती पण नग नव्हता. मी रिकाम्या हातावर कानस फिरवत होते, हे ऑपरेटरनं बघितलं आणि गुपचूप माझ्यासमोर एक डाळमिलचा बुश आणून ठेवला.

सगळे नग बरोबर भरले. मालकांनी श्वास सोडला. मग मॅडमनी लाल डब्यातला एक एक नग उचलून भिंगातून नंबर बघायला सुरुवात केली. तो नग हातात आला. त्यांनी तो नाकाशी नेला. रॉकेलचा वास येत होता. मग उजेडात तिरपा धरला.

"हे आत काय आहे?"

मालक म्हणाले, "ग्रीस असंल."

"ग्रीस नारिंगी असतं का भाऊ?"

मशीन बंद होती, पत्र्यावर कावळा चालत होता तो ऐकू येत होता.

"शेंदूर हाय," दारातून सासरे म्हणाले. ते बाहेर बाजेवर बसले होते, ते कधी उठून आले कळलं नाही. "मी नेला व्हता. मारुतीला. ह्यांना ठाऊक नव्हतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुठं ठेवला, कुणी शेंदूर लावला, कसा परत आणला. मॅडम हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, किती दिवस बाहेर होता, कुणी हात लावला, कुणी मोबाईलवर फोटो काढला का. सासऱ्यांना माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या.

लिहून झाल्यावर म्हणाल्या, "काका, आमच्याकडं नवीन गाडी आली की वडील चाकाखाली लिंबू ठेवतात. ते मी लिहून घेत नाही. हे मला लिहावं लागेल."

"लिवा," सासरे म्हणाले.

"आणि भाऊ, तुम्ही धुतलं, ते जास्त वाईट केलं. काका बोलले नसते तर मी वेगळंच लिहिलं असतं." मग त्यांनी सगळे नग डब्यात घालून सील केले. "निर्णय वरून येईल. काय येईल मला माहीत नाही. तोवर आमच्या कामाला मशीन लावू नका. पैसेही थांबतील."

"पोलीस?" मालकांनी विचारलं. तो शब्द त्यांनी विचारला म्हणजे त्यांनाही तीच भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

नव्या मशीनवर ताडपत्री टाकली. जुन्या लेथवर डाळमिलचं काम मिळेल तेवढं घेतलं, त्यावर बँकेचा हप्ता कसाबसा जायचा. घरात सासरे जेवायला बसले की अर्ध्यातून उठायचे. मालक त्यांच्याशी बोलत नव्हते. एकदा दोन माणसं पँटशर्ट घालून, हातात कागद घेऊन शेडाशी आली. मी मागच्या दारानं बाहेर पडून शेजारच्या पेंडीच्या गोदामात जाऊन बसले. ती वीजमंडळाची माणसं होती, मीटर बघायला आली होती. ऑपरेटर मला शोधत आला आणि म्हणाला, "वहिनी, चला, युनिट जास्त पडल्यात म्हणून पकडत न्हाईत." मला हसायला आलं आणि लगेच रडायलाही आलं.

भावाचा फोन यायचा. तो पैशाचं कधी विचारत नव्हता. पाऊसपाणी, तब्येत, एवढंच. मी फोन वाजत ठेवायची. तो माझ्या हातात थरथरायचा आणि मी बघत बसायची. फोन उचलला की तो माझ्या आवाजावरून ओळखेल, ही भीती. मग एक दिवस तो स्वतःच आला. लातूरला डोळे दाखवायला आलो होतो, म्हणाला. ते खरं होतं की नाही, मी विचारलं नाही. शेडात आला आणि ताडपत्रीकडं बघत उभा राहिला.

"मशीन झाकून कामून ठिवली?"

मी सांगितलं. आधी अडखळत, मग सगळं. शेंदूर, गुरव, रॉकेल, मॅडम. भावानं ऐकून घेतलं आणि खांदे हलवत हसायला लागला.

"आमच्या डेपोत दसऱ्याला बसच्या काचेवर एवढी फुलं लावतेत," तो म्हणाला, "की डायवरला रस्ता दिसत न्हाई. मी खिडकीतून मुंडकं काढून गाडी न्यायचो. पुजा झाली, आता देव चालवंल म्हणायचे." मग त्याचं हसू थांबलं. सासरे ऐकत होते म्हणून त्यानं आवाज खाली केला. "पैसे मला लागतेत बाई. खोटं न्हाई बोलत. पण आज न्हाई लागत."

तो गेल्यावर मला थोडं बरं वाटलं आणि जास्त भीतीही वाटली. आज नाही, म्हणजे कधीतरी आहे.

बऱ्याच दिवसांनी मॅडम परत आल्या, सोबत दोन साहेब. त्यांनी शेड कोपरान् कोपरा बघितलं. सासऱ्यांना बोलावून पुन्हा सगळं विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. साहेब आपसात इंग्रजीत बोलले. मी दाराआड उभी होते. त्यांच्या तोंडाकडं बघून काही कळत नव्हतं. एक साहेब हसले तर मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. चांगले नग चांगलेच होते, ते त्यांनी घेतले, पण त्या लॉटचे पैसे कापून दिले. काम पुढं चालू ठेवायचं म्हणाले, पण अटी घातल्या. लाल डब्याला दोन कुलपं. एक किल्ली मॅडमकडं, एक इथल्या एका माणसाकडं, आणि तो माणूस मशीन चालवणारा नको, मालक नको.

"मग ताई आहेत," मॅडम म्हणाल्या.

मी नको म्हणणार होते. पण नको म्हणायलाही बोलावं लागतं. मी सही केली. माझी सही म्हणजे माझं नाव, वेड्यावाकड्या अक्षरात. किल्ली मी कमरेला बांधली. आंघोळीला जाताना गळ्यात घालायची. दिवसातून किती वेळा चाचपून बघायची याला गणती नाही. बिघडलेला नग वरच्या फटीतून डब्यात पडला की आवाज यायचा, तो आवाज ऐकल्याशिवाय मी तिथून हलत नसे. मालक म्हणायचे, एवढं लेकरांना पण सांभाळलं न्हाईस.

सासऱ्यांनी रीत सोडली नाही, पण बदलली. नवीन काम आलं की ते शनिवारी नुसता नारळ घेऊन जायचे. गुरव विचारायचा, आज काय आणलंव? ते म्हणायचे, "सांगता येत न्हाई. सरकारी हाय." गुरव त्यामुळं फार वैतागायचा. घरी येऊन ते मला सांगायचे आणि वर म्हणायचे, "सूनबाई, मारुतीला पण न्हाई सांगितलं बरं का." मग त्यांच्यात आणि मालकांत बोलणं सुरू झालं, कधी आणि कसं ते माझ्या लक्षात नाही.

काम वाढलं. कडीनंतर दुसरे भाग आले. मी भीत भीतच ते केलं. लोक म्हणतात सवय झाली की भीती जाते. माझी गेली नाही. मी प्रत्येक नग असा बघायची, जणू त्यातूनच काहीतरी खाली पडणार आहे. बर राहिली म्हणून माझा एकही नग परत आला नाही, पण त्यामुळं माझ्या जिवाला काही आराम नव्हता.

आधी बँकेचं देणं निघालं. भावाचं हळूहळू देत होतो. एखाद्या लॉटचे पैसे आले की थोडे. मध्ये सासरे आजारी पडले, तेव्हा काही काळ थांबलं. तरी भावानं कधी विचारलं नाही. वहिनी मात्र सणावाराला भेटल्या की विचारायच्या, "कसं चाललंय विमान?" मी म्हणायची, "चाललंय."

शेवटची रक्कम हातात आली तेव्हा मालक म्हणाले, मोबाईलवरून पाठवतो, एका मिनिटात जाईल. मला ते पटलं नाही. एका मिनिटात जाणारी वस्तू कुणाच्याही हातात जाऊ शकते. मी रोख घेऊन एसटीनं निघाले. मुखेडचा बाजाराचा दिवस होता, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोंबड्या, टोपल्या, पोती. पैसे मी पोटाशी साडीच्या आत बांधले होते आणि त्यावर दोन्ही हात धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "पोट दुखतंय का माय?" मी हो म्हणाले. तिनं पिशवीतून ओवा काढून दिला. मी तो खाल्ला. उतरेपर्यंत मला वाटत राहिलं की कुणीतरी बघतंय, कुणाला तरी कळलंय.

भाऊ अंगणात बसला होता. त्याचे डोळे आता बरेच अधू झाले आहेत. मी पैसे त्याच्या हातात दिले. त्यानं ते तसेच वहिनींकडं दिले आणि मला विचारलं, येताना गाडी कुठली होती, ड्रायव्हर कोण होता, घाटात गाडी तापली का. मी सांगत होते, पण माझं लक्ष वहिनींकडं होतं.

वहिनी उंबऱ्यात बसल्या. बोटाला थुंकी लावून त्यांनी नोटा मोजल्या. मग बाजूला ठेवून पुन्हा मोजल्या. मी उभीच होते.

"बरोबर हायत," वहिनी म्हणाल्या. "सगळे आले."